वर्ध्याच्या चळवळी राजमान्य होताना

१९४८ च्या मार्च महिन्यात, गांधीजींच्या हत्येला जेमतेम दीड महिना लोटला असताना, सेवाग्राम येथे रचनात्मक कार्यकर्त्यांचे जे संमेलन भरले, त्याची योजना वस्तुतः गांधीजींच्याच हयातीत झालेली होती आणि ते स्वतः त्यास उपस्थित राहावयाचे होते. त्यांच्या अभावी पंडित नेहरू, राजेंद्रबाबू, विनोबा, कुमारप्पा, आचार्य कृपलानी अशी मंडळी एकत्र बसली. त्यांच्यासमोरचा प्रश्न वरकरणी संघटनेचा दिसत असला, तरी ज्या चळवळीने पाव शतक सरकारचा अंमल नाकारण्यातच आपले पुण्य मानले, तिचेच सहकारी आता त्या सरकारच्या गादीवर बसले असता तिने आपले तेज कोठे आणि कसे राखावे, हा त्याचा खरा आशय होता. गांधीजींनी मृत्यूच्या आदल्या दिवशी तयार केलेल्या मसुद्यात काँग्रेसने राजकीय पक्ष म्हणून विसर्जित होऊन लोकसेवक संघाचे रूप घ्यावे असे सुचविले होते. ते मानले गेले नाही. सेवाग्रामच्या विचारविनिमयातून सर्वोदय समाज आणि सर्व सेवा संघ उदयास आले, आणि मूळ प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन झाला.

समाजशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विचार पूर्वीच केलेला आहे. माक्स वेबर या जर्मन पंडिताने असे दाखविले की, एखाद्या विभूतीच्या ठायी असलेली प्रेरकशक्ती तिच्या पश्चात पदे, नियम आणि वहिवाट यांत विरून जाते. आणि त्याचा समकालीन रॉबर्ट मिखेल्स याने १९११ साली जर्मनीच्या समाजवादी पक्षाचे उदाहरण घेऊन असा सिद्धांत मांडला की, संघटना वाढली म्हणजे तिची सूत्रे मूठभर पदाधिकाऱ्यांच्या हाती जातात आणि त्यांना ध्येयापेक्षा संघटनेचे अस्तित्व प्रिय होते. पुढे तीनच वर्षांनी त्याच पक्षाने युद्धखर्चास संमती देऊन या निदानाला जणू पुरावा पुरविला. दोघांचेही म्हणणे खरे आहे, परंतु माझ्या मते ते अपुरे आहे. चळवळीच्या अंतरंगात काय घडते हे त्यावरून कळते. पण समाज आणि शासन चळवळीच्या अनेक मागण्यांपैकी नेमकी कोणती उचलतात आणि कोणती मागे टाकतात, याचा उलगडा त्यावरून होत नाही. एखादा जहाल विचार सर्वमान्य होतो तेव्हा तो सबंध कधीच स्वीकारला जात नाही. त्यातील जो अंश कोणाकडूनही जमीन, श्रम, रोटीबेटीचा निर्बंध किंवा अधिकार यांपैकी काही सोडण्याची अपेक्षा करीत नाही तो सन्मानाने आत घेतला जातो, आणि ज्याला सोडावे लागते असा अंश बाहेर राहतो, असे मला दिसते. ही गोष्ट तपासून पाहण्यास वर्धा जिल्ह्याइतकी सोयीची भूमी दुसरी क्वचितच सापडेल, कारण अवघ्या तीस-चाळीस वर्षांच्या अवधीत इतक्या भिन्न प्रकृतीच्या चळवळी एवढ्याशा मुलखात अन्यत्र जन्माला आलेल्या नाहीत.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधरांनी स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला आणि वर्णभेदाला मुळातच हात घातला. त्यांचा महानुभाव पंथ पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून शतकानुशतके टिकला खरा, पण तो अनेक पंथांपैकी एक पंथ म्हणून, आणि समाजाची जातिव्यवस्था त्याच्या शेजारी अबाधित नांदत राहिली. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाची कथाही याच जातीची आहे. त्यातून निघालेल्या ब्राह्मणेतर पक्षाने कायदेमंडळात जागा मिळविल्या, वसतिगृहे काढली, बहुजनांच्या शिक्षणाचा प्रश्न सरकारदरबारी लावून धरला आणि चौथ्या दशकात त्याचा मोठा भाग काँग्रेसमध्ये सामील झाला. शिक्षण आणि प्रतिनिधित्व सर्वांस मान्य झाले. पुरोहितावाचून विवाह लावण्याचा जो आचार जोतीरावांनी घालून दिला होता, तो मात्र थोड्या घरांपुरता उरला.

वर्ध्यात पहिली ठळक घटना घडली ती १९२८ च्या जुलैमध्ये. जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. सनातन्यांचा रोष, ज्ञातिबांधवांचा बहिष्कार आणि व्यापारी पेढीची प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी पणास लावून केलेले ते धाडस होते, आणि त्या काळी त्याची वार्ता देशभर गेली. पुढच्या दोन दशकांत या प्रश्नावर जनमत फार वेगाने बदलले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह्यांना मार खावा लागला होता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार उघडले, आणि राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता हा गुन्हा ठरला. दरम्यान डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंदिरप्रवेशाच्या पलीकडे गेले होते. १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली ती दार उघडले न उघडले या वादापेक्षा जातिसंस्थेच्या मुळाशी जाण्याच्या निश्चयानेच. आणि सेवाग्रामातील गांधीही अखेरच्या वर्षांत त्याच दिशेने सरकले होते: वधूवरांपैकी एक जण हरिजन असेल तरच त्या विवाहास आपण आशीर्वाद देऊ, असा त्यांनी नियम केला. मंदिराचे दार उघडण्यास पुजाऱ्याने आणि विश्वस्ताने संमती द्यावयाची असते. आंतरजातीय विवाहास प्रत्येक घराने आपले घरपण पुन्हा तपासावयाचे असते. पहिली गोष्ट आज वर्ध्यात कोणी वादाचा विषय म्हणून काढीत नाही. दुसरीसाठी शासनाला अजून अनुदान द्यावे लागते, यातच तिची स्थिती कळून येते.

शिक्षणाचा मामला याहून उद्बोधक आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात जी शिक्षणपरिषद भरली, तिच्यासमोर गांधीजींनी सात वर्षांचे सक्तीचे, मातृभाषेतून आणि हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावयाचे शिक्षण अशी कल्पना मांडली. आणि विद्यार्थ्यांच्या श्रमाच्या उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे, ही तिची सर्वांत प्रखर अट होती. या अटीमागे केवळ पैशाची निकड नव्हती. ज्या समाजात अक्षर जाणणारा हाताला माती लागू देत नाही आणि माती खणणाऱ्याला अक्षर कळत नाही, तेथे सवर्णाच्या आणि कारकुनाच्या मुलाने रोज काही तास पिंजण, टकळी किंवा कुदळ हाती घ्यावी आणि तिच्यावर शाळेचा निर्वाह अवलंबून असावा, ही उलथापालथ होती. के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्याच वेळी शंका घेतली, आणि शाळेचे कारखान्यात रूपांतर होईल ही त्या परिषदेतील भीती पोकळ नव्हती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला, आशादेवी व आर्यनायकम् यांनी सेवाग्रामात हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम आयुष्यभर चालविले, आणि मध्यप्रांतात रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना हाती घेतली.

त्यानंतर काय झाले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. १९४४ च्या सार्जंट योजनेने या मूलोद्योग शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले, पण स्वावलंबनाची अट वगळली, म्हणजे वर्ध्याच्या परिषदेला सात वर्षे होतात न होतात तोच तिचा कणा काढून घेण्यात आला. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांनी प्राथमिक शिक्षणाचा नमुना म्हणून मूलोद्योग शिक्षणाला राजमान्यता दिली, गावोगावच्या शाळांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ अशा पाट्या चढल्या, आणि मुलांच्या पिशव्यांत पेळू व टकळ्या आल्या. कोठारी आयोगाने १९६६ साली या सर्वांस कार्यानुभव या विषयाचे रूप सुचविले. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटले. अखेरीस समग्र शिक्षणपद्धती बदलून टाकणारी एक कल्पना आठवड्याच्या वेळापत्रकातील एक-दोन तासांत येऊन स्थिरावली. हे कोणी कपटाने केले असे मी म्हणत नाही. प्रत्येक समितीने आपल्या परीने मूळ हेतूचा आदरच केला. पण मध्यमवर्गीय पालकाला आपल्या मुलाने कारकुनी वा डॉक्टरकी सोडून विणकर व्हावे असे वाटत नव्हते, आणि ज्या विणकराच्या मुलासाठी ही पद्धत काढली त्याच्या बापालाही तसे वाटत नव्हते. त्याला आपल्या मुलासाठी तीच कारकुनी हवी होती, आणि त्याच्या या इच्छेत अन्याय्य असे काहीच नव्हते. येथे आपले विवेचन थोडे अवघड होते हे कबूल केले पाहिजे, कारण त्यागाची मागणी ज्यांच्यापाशी त्यागण्यासारखे काही नाही त्यांच्यावरही लादली गेली, तर तिला मिळणारा नकार हा न्यायाचाच नकार असतो.

खादीच्या इतिहासात ही भेदरेषा अधिक स्पष्ट आहे. १९३५ साली चरखा संघाने गांधीजींच्या आग्रहास्तव कातणाऱ्या बायांना निर्वाहापुरते वेतन देण्याचे ठरविले, त्यामुळे खादी महागली आणि खप कमी होईल म्हणून व्यवहारी माणसांनी मान हलविली. वर्ध्याच्या श्रीकृष्णदास जाजूंनी तो निर्णय निष्ठेने अमलात आणला. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी आणखी पुढे गेले. खादी ही दुकानातून विकत घ्यावयाची वस्तू नसून ज्याने त्याने आपल्या गावात आपल्यापुरती पिकवावयाची गोष्ट आहे असे सांगून त्यांनी चरखा संघाच्या कामाची दिशाच बदलू पाहिली, आणि खादी घेणाऱ्याने किमतीचा काही अंश स्वतः कातलेल्या सुताच्या रूपाने द्यावा अशी अट घातली गेली. चळवळीच्या संपूर्ण इतिहासात गिऱ्हाइकाकडून श्रम मागणारा असा नियम मला दुसरा आढळत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये अखिल भारत खादी व ग्रामोद्योग मंडळ आले, १९५७ साली वैधानिक आयोग आला, अंबर चरख्याला सरकारी साह्य मिळाले, आणि गांधीजयंतीच्या सुमारास खादीभांडारांतून किमतीत सूट देण्याची वहिवाट पडली. जेथे गिऱ्हाइकाने सूत द्यावयाचे होते तेथे आता सरकारी तिजोरीने गिऱ्हाइकाला सवलत द्यावयाची होती. लाखो कातणाऱ्यांना त्यामुळे काम मिळाले, हे काही थोडे नाही. पण मंत्र्याचा गणवेश झालेली खादी आणि गावाच्या स्वयंपूर्णतेची खादी या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या, आणि राज्याने पहिलीचा स्वीकार केला. राष्ट्रध्वज हातकताईच्या व हातविणीच्या कापडाचाच असावा हा नियमदेखील डिसेंबर २०२१ मध्ये शिथिल होऊन यंत्रावर तयार केलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजाला मान्यता मिळाली. हा निर्णय मला खिन्न करणारा वाटतो, आणि तो फारशा प्रतिकारावाचून पचला याचे दुःख अधिक वाटते.

वर्ध्याची मगनवाडी, जेथे १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे कार्य कुमारप्पांनी उभारले, तेथे आज केंद्र शासनाची ग्रामीण औद्योगिकीकरणाची संस्था आहे. कुमारप्पांनी यंत्रोद्योगाधिष्ठित अर्थव्यवस्थेचीच चिकित्सा केली होती. त्या चिकित्सेतून तेलघाणी, हातकागद आणि मधमाशीपालन एवढे तंत्र शासनाने आपल्या विभागांत घेतले. जमनालालजींच्या अखेरच्या दिवसांतील गोसेवेचे एक मधुर रूप गोरस भांडारात मिळणाऱ्या गोरसपाकात वर्धेकरांच्या नित्याच्या ओळखीचे आहे, आणि त्याचा मला आनंदच आहे.

आता भूदानाकडे वळतो, कारण ज्या चळवळीने त्याग हेच आपले साधन आणि साध्य मानले तिची परीक्षा सर्वांत कठोर असावयास हवी. वर्धा जिल्हा मालगुजारीचा मुलूख. खुद्द सेगावची, म्हणजे पुढच्या सेवाग्रामची, बहुतांश मालगुजारी जमनालालजींची होती, म्हणूनच गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहावयास जाऊ शकले. १९५१ च्या मार्चअखेर मध्यप्रदेशात मालगुजारीचा कायद्याने अंत झाला, आणि त्याच महिन्यात विनोबा वर्ध्याहून पायी शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास निघाले होते. १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्लीस हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. या प्रसंगाचे वर्णन करताना एक गोष्ट बहुधा हळूच गाळली जाते: त्या प्रदेशात १९४६ पासून साम्यवाद्यांचे सशस्त्र आंदोलन चालू होते आणि जमीनदार भयभीत झालेले होते. करुणेचा उपदेश ऐकण्यास मने तयार झाली त्यात शेजारच्या जहाल लढ्याचा वाटा होता. एका चळवळीच्या उग्रतेमुळे दुसरी सौम्य आणि स्वीकारार्ह वाटू लागते, हा नियम जगभर दिसतो, आणि यात विनोबांच्या थोरवीला कोणतेही उणेपण येत नाही.

उद्दिष्ट पाच कोटी एकरांचे होते. दान सुमारे ४२ लाख एकरांचे मिळाले, आणि सातव्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याच्या तृतीयांशाच्या आसपासच जमीन भूमिहीनांत वाटली गेली होती. पुष्कळशी जमीन खडकाळ होती, काही कज्जात अडकलेली होती, आणि दानपत्र लिहून देणे व पटवाऱ्याच्या दप्तरात फेरफार होऊन ताबा मिळणे यांत केवढे अंतर असते ते विदर्भातल्या कोणत्याही कुणब्याला विचारावे. मध्यप्रदेश शासनाने १९५३ मध्ये भूदान यज्ञाचा कायदा केला, जो विदर्भालाही लागू झाला. अशा रीतीने दान हा महसुली व्यवहार बनला.

विनोबांना मिखेल्सचा सिद्धांत ठाऊक असो वा नसो, त्यातील धोका त्यांनी पुरता ओळखला होता. १९५६ च्या अखेरीस तामिळनाडूतील पळणी येथे त्यांच्या प्रेरणेने निधिमुक्ती आणि तंत्रमुक्तीचा निर्णय झाला: गांधी स्मारक निधीचे आर्थिक साह्य सोडावयाचे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील भूदान समित्या विसर्जित करावयाच्या. ऐन भरात असलेल्या चळवळीने आपले दप्तर स्वहस्ते बंद करावे, याला सामाजिक इतिहासात तोड नाही. मला हा विनोबांच्या चरित्रातील सर्वांत धीरोदात्त क्षण वाटतो, आणि त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की त्यानंतर पुष्कळ ठिकाणी काम थंडावले, कारण समित्या गेल्या त्या ठिकाणी लोकांनी आपण होऊन काम उचलावे ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५७ मध्ये, म्हैसूरजवळच्या येलवाल येथे नेहरूंपासून नंबुद्रिपादांपर्यंत भिन्न पक्षांच्या नेत्यांनी भूदानाचे पुढचे पाऊल असलेल्या ग्रामदानाला पाठिंबा दिला. सर्व पक्षांनी एकमुखाने आशीर्वाद द्यावा इतके ग्रामदान निरुपद्रवी झाले होते काय, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला.

मूळच्या ग्रामदानात गावातील सर्व जमिनीची मालकी ग्रामसमाजाकडे जावयाची होती. १९६३ च्या सुमारास सुलभ ग्रामदानाची कल्पना पुढे आली: मालकीहक्क नावाने गावाचा झाला तरी विसावा हिस्सा भूमिहीनांस देऊन उरलेली जमीन मूळ खातेदारानेच वंशपरंपरेने कसावयाची. परिणाम असा झाला की, पुढच्या सहा-सात वर्षांत संकल्पपत्रांवर सह्या केलेल्या गावांची संख्या लाखाच्या वर गेली, आणि कायद्याने पुष्ट झालेली ग्रामदाने त्यांच्या मानाने अगदीच थोडी उरली. त्यागाची अट विसाव्या हिश्शावर आली तेव्हा चळवळ सर्वदूर पसरली, असा याचा सरळ अर्थ आहे. १९७४-७५ मध्ये जयप्रकाशांनी शासनाशी संघर्षाची वाट धरली आणि मौनात असलेल्या विनोबांचे शब्द आणीबाणीच्या समर्थनार्थ वापरले गेले, तेव्हा सर्वोदय परिवार दुभंगला. त्या दुभंगाची बीजे याच सर्वमान्यतेत होती असे माझे मत आहे.

याच्या उलट टोकाला याच जिल्ह्यातील आष्टी गाव आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला, गावकरी हुतात्मे झाले आणि पोलीसही मारले गेले. त्या काळच्या सर्व घटनांत ही सर्वांत उग्र, आणि तरीही तिचा स्वीकार सर्वांत निर्वेधपणे झाला. ज्यांना मूल्य द्यावयाचे होते त्यांनी ते प्राणांनी दिले होते. स्मारकास वंदन करणाऱ्या पिढीकडून त्या घटनेची आणखी कोणतीच मागणी उरली नव्हती. आठव्या दशकाच्या मध्यापासून जिल्ह्यात असलेल्या दारूबंदीची स्थिती नेमकी याविरुद्ध आहे. ती कायद्याने आली, रोजच्या रोज पाळावी लागते, आणि म्हणून शेजारच्या जिल्ह्यांतून येणारी बाटली व गावातली मोहाची भट्टी यांच्याशी झगडण्याचे काम पोलिसांइतकेच गावच्या बायांच्या माथी पडलेले आहे.

ज्यांनी अट सोडली नाही अशी स्थळेही याच जिल्ह्यात आहेत. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे सुरू केलेल्या कुष्ठसेवेत सेवकाला स्वतःच्या हाताने जखम धुवावी लागे. तिचे प्रातिनिधिक रूप संभवतच नव्हते. १९५९ च्या २५ मार्च रोजी पवनारला धाम नदीच्या काठी स्थापन झालेल्या ब्रह्मविद्यामंदिरात भगिनींनी शेती, मुद्रण आणि स्वयंपाक आपसांत वाटून घेतला, निर्णय सर्वानुमते घेण्याची पद्धत ठेवली आणि विनोबांच्या पश्चात कोणालाही प्रमुख नेमले नाही. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामात काढलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने खादी, खेड्यातील वास्तव्य आणि गाव दत्तक घेणे या गोष्टी शासकीय अनुदान व विद्यापीठीय परीक्षा यांच्या चौकटीत राहून पाळल्या, आणि सेवाग्रामातील आनंद निकेतन शाळेत नई तालीम, म्हणजे तेच मूलोद्योग शिक्षण, पुन्हा मूल आणि माती यांच्यामध्ये उभी आहे. यांचा विस्तार थोडा आहे. जिल्ह्याबाहेर त्यांचे अनुकरण विरळा आहे.

तथापि सौम्य झालेल्या रूपाचा केवळ विषादच करावा असे नाही. महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये केलेला ग्रामदान कायदा सुलभ ग्रामदानाच्याच पायावर उभारलेला होता, आणि तो जवळजवळ पन्नास वर्षे विधिग्रंथांत पडून होता. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने, ज्याने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला, पुढच्या दशकाच्या प्रारंभी हाच कायदा हुडकून काढला, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासमवेत दीर्घ अभ्यासगटांतून त्याचा अर्थ लावला, आणि सर्वसहमतीने आपल्या खाजगी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय घेतला. सुलभीकरण झाले नसते तर असा कायदा विधिमंडळात संमत होण्याचा संभव नव्हता, आणि कायदा नसता तर मेंढ्याच्या ग्रामसभेला सरकारी दप्तराच्या भाषेत आपला संकल्प मांडता आला नसता. विनोबांनी वर्ध्याहून निघून जे मागितले होते ते असे पूर्वेच्या जंगलात एका गावाने, कोणी मागावयास आले नसता, देऊन टाकले; त्यानंतर त्या ग्रामसभेला आपल्या निर्णयाची सरकारी अभिलेखांत पूर्ण अंमलबजावणी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे महसूल खात्याशी पत्रव्यवहार करावा लागला आहे.